निवळलेलं पाणी

प्रयोगशाळेच्या ओट्यावर सहा काचपात्रं एका रांगेत मांडली होती. प्रत्येकात एक लिटर पाणी, तासाभरापूर्वी नदीतून उचललेलं, मातकट. प्रत्येकात वरून एक पातं सोडलेलं आणि सहाही पाती एकाच मोटरला जोडलेली. जलशुद्धीकरण केंद्रातल्या केमिस्ट बाईंनी पिपेटने एकेका पात्रात तुरटीचं द्रावण सोडलं. पहिल्यात थोडं, दुसऱ्यात जरा जास्त, असं चढत्या मापाने. मिनिटभर पाती गरागरा फिरली. मग त्यांनी वेग एकदम उतरवला, स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "आता नुसतं बघायचं."

मला खरं तर क्लोरीनचा विभाग बघायचा होता. पाणी शुद्ध करणं म्हणजे जंतू मारणं, एवढंच डोक्यात घेऊन मी गेले होते. गढूळपणा वगैरे म्हणजे मूळ कामाआधीची झाडलोट असणार, असं वाटत होतं. पण बाई बसल्या म्हणून मीही बसले.

पहिली काही मिनिटं काहीच झालं नाही. झालं असणार, पण दिसलं नाही. मग चौथ्या पात्रात पाणी फुटल्यासारखं वाटायला लागलं. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आले, ते एकमेकांत अडकत गेले आणि बघता बघता पिंजलेल्या कापसासारखे विरविरीत पुंजके पाण्यात गोल फिरू लागले. पाती थांबली तसे ते पुंजके, बर्फ पडावा इतक्या सावकाश, खाली उतरले. वरचं पाणी आरपार दिसू लागलं. पहिल्या पात्रात अजून चिखलच होता. आणि ज्याच्यावर मी मनात पैज लावली होती त्या सहाव्यातही पाणी धुरकटच राहिलं होतं.

"जास्त तुरटी म्हणजे जास्त स्वच्छ, असं नसतं मॅडम," बाई म्हणाल्या. त्यांनी वहीत चौथ्या पात्राचा आकडा लिहिला. "आज हा डोस." आणि उद्या? "उद्या उद्याचं पाणी."

शाळेत मी जलशुद्धीकरणाची आकृती कितीदा काढली असेल! चौकोन, बाण, चौकोन, बाण, शेवटी नळ आणि नळाखाली थेंब. थेंबाला मी नेहमी निळा रंग द्यायचे. त्या आकृतीने माझी एक समजूत पक्की करून टाकली होती की एकाखाली एक चाळण्या लावलेल्या असाव्यात तशी दर चौकोनात थोडी थोडी घाण कमी होते आणि शेवटी शुद्ध पाणी उरतं. त्या सहा पात्रांसमोर बसल्यावर दिसलं की पहिल्या चौकोनातलं काम याच्या अगदी उलट आहे. तिथे घाण आधी मोठी करतात.

कारण ती लहान आहे हीच तर सगळी अडचण. वाळूचा एक दशांश मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला साधारण दोन मिनिटं घेतो. त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या पोयट्याच्या कणाला दोनेक तास लागतात. आणखी दहापट बारीक, म्हणजे एका मायक्रॉनचा कण घ्या. चिकणमातीचा कण किंवा जिवाणू साधारण या मापाचा असतो. त्याला आठवडा लागतो. त्याहूनही दहापट बारीक असेल तर दोन वर्षं! तीही पाणी जराही हललं नाही तर. आकार दहापट घटतो तेव्हा वेळ शंभरपट वाढतो, हा या कणांचा हिशेब. नुसतं वाट बघून पाणी निवळेल अशी आशा करणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून बघावा.

बरं, हे कण एकमेकांना धरून मोठे तरी का होत नाहीत? कारण त्यांच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो, आणि सगळ्यांवर तोच. जवळ आले की एकमेकांना ढकलतात. गढूळ पाणी दिवसेंदिवस गढूळ राहतं ते या दुराव्यामुळे. तुरटीतलं ॲल्युमिनियम धनभाराचं असतं. ते हा ऋणभार मारून टाकतं आणि शिवाय पाण्याशी अभिक्रिया होऊन ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा बुळबुळीत जेलसारखा पदार्थ तयार होतो. खाली उतरताना तो वाटेत येईल त्याला चिकटवून घेतो. माती, शेवाळाचे तुकडे, जिवाणू, पानांच्या कुजण्यातून आलेला पिवळसर रंग, सगळं. प्रमाणाबाहेर तुरटी पडली की कणांवर उलटा भार चढतो आणि ते पुन्हा एकमेकांना ढकलायला लागतात. सहाव्या पात्रातल्या धुरकटपणाचं कारण हे.

आधी जोरात आणि मग हळू ढवळण्यालाही कारण आहे. तुरटी पाण्यात पडल्यावर तिचं काम काही सेकंदांत उरकतं, म्हणून त्या सेकंदांत ती सगळीकडे पोचायला हवी. पण पुंजके धरायला लागल्यावर तोच वेग ठेवला तर ते तुटतात, आणि एकदा तुटलेला पुंजका पुन्हा तितका नीट जुळत नाही. मोठ्या केंद्रात हेच वीस-तीस मिनिटं चालतं. भल्यामोठ्या टाक्यांत भलीमोठी पाती इतकी संथ फिरतात की ती बंद आहेत असंच मला आधी वाटलं. त्यापुढच्या टाकीत पाणी दोन-चार तास जवळजवळ काही न करता पडून असतं.

आपल्या भाषेत यासाठी किती सुंदर शब्द आहे! पाणी निवळतं. आभाळ निवळतं, वातावरण निवळतं, दोघांमधलं काहीतरी निवळतं. 'निर्मळ' आणि 'निवळ' एकाच 'निर्मल'ची लेकरं. ज्या झाडाची बी उगाळून पाण्यात घातली की गाळ खाली बसतो, त्या झाडालाही आपण निवळी म्हणतो. संस्कृतात ते कतक. एक जुना श्लोक सांगतो की कतकाचं फळ पाणी स्वच्छ करतं हे खरं, पण त्याचं नुसतं नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. ज्याने हे लिहिलं त्याने स्वतः कधीतरी बी उगाळली असणार, असं मला उगाच वाटतं. सुदानमध्ये नाईलच्या गढूळ पाण्यासाठी शेवग्याच्या बिया कुटून वापरत आले आहेत. त्या बियांतली प्रथिनं धनभाराची असतात. म्हणजे तुरटीचीच युक्ती, वेगळ्या झाडाच्या अंगाने.

फक्त एक आहे. 'निवळणं' हे क्रियापद अकर्मक आहे. पाणी आपलं आपण निवळतं, कुणी काही करावं लागत नाही, असा त्याचा सूर. आणि पाणी निवळलं की काम झालं, असाही. या दुसऱ्या सुरापायी माणसं मेलेली आहेत.

लंडनमध्ये १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाभोवती कॉलऱ्याने थैमान घातलं, ती डॉक्टर जॉन स्नो यांची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. नकाशावर मृत्यूंच्या खुणा, मधोमध पंप. मला त्यातलं एक लहानसं प्रकरण जास्त छळतं. हॅम्पस्टेडला, म्हणजे त्या पंपापासून बरीच दूर राहणारी एक विधवा त्याच साथीत दगावली. पूर्वी ती ब्रॉड स्ट्रीटला राहायची आणि तिथल्या पाण्याची चव तिला इतकी आवडायची की ते ती मुद्दाम गाडीतून मागवायची. त्या पाण्याला नाव होतं. डोळा आणि जीभ, दोघांनीही ते पास केलं होतं.

निवळलेलं पाणी पुढे वाळूवर सोडतात. इथेही माझी चाळणीची समजूत आडवी आली. गाळणीतल्या वाळूचा दाणा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि दोन दाण्यांमधली फट जिवाणूच्या मानाने हमरस्ता म्हणावी इतकी मोठी. चाळणी म्हणून पाहिलं तर ही गाळणी अगदीच कुचकामी. पण ती मुळात चाळत नाही, चिकटवते. फटींतून वळणं घेत जाताना कण दाण्यांवर आपटतात आणि तिथेच बसतात. बसतात म्हणजे आधी तुरटीने त्यांचा भार मारलेला असेल तरच. ते काम चुकलं असेल तर मीटरभर वाळू म्हणजे मीटरभर वाळूच, बाकी काही नाही. शाळेच्या आकृतीतले चौकोन एकमेकांपासून सुटे दिसतात. प्रत्यक्षात दुसऱ्याची अब्रू पहिल्याच्या हातात असते.

दिवस-दोन दिवसांत वाळू भरत येते, मग खालून उलटं पाणी आणि हवा सोडून ती धुतात. मी होते तेव्हा एक गाळणी धुवायला घेतली होती. शांत पडलेला वाळूचा थर एकदम उकळायला लागला आणि त्यातून तपकिरी लोट वर आले. दिवसभर कुठे काही दिसत नव्हतं, आणि ते एवढं होतं!

याहून जुनी एक गाळणी आहे, मंदगती. जेम्स सिम्पसन यांनी १८२९ मध्ये लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्ससाठी बांधली ती या प्रकारची. तिच्यातून पाणी तासाला दहा-वीस सेंटिमीटर इतकंच उतरतं. वरच्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये हळूहळू जिवाणू, शेवाळ आणि सूक्ष्म प्राणी यांचा एक चिकट थर जमतो. जर्मन भाषेत त्याला श्मुट्सडेके म्हणतात, म्हणजे सरळसरळ घाणीचं पांघरूण. हे पांघरूणच पाण्यातले रोगजंतू अडवतं, खातं, संपवतं. नवी कोरी, स्वच्छ वाळू भरलेली गाळणी पहिले काही दिवस भरवशाची नसते. ती मळावी लागते.

१८२९ मध्ये रोगजंतू नावाची कल्पनाच कुणाच्या डोक्यात रुजलेली नव्हती. सिम्पसन पाणी दिसायला चांगलं करत होते. दिसायला चांगलं करता करता आणखी काय घडत होतं, ते कळायला साठेक वर्षं गेली आणि एक भयंकर ऑगस्ट यावा लागला. १८९२ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्याने काही आठवड्यांत सुमारे ८,६०० माणसं गेली. हॅम्बुर्ग एल्ब नदीचं पाणी शहराच्या वरच्या अंगाला उचलून, न गाळता देत होतं. शेजारचं अल्टोना खालच्या अंगाला. म्हणजे हॅम्बुर्गचं सांडपाणी मिसळल्यानंतरची तीच नदी अल्टोनाच्या वाट्याला यायची. पण अल्टोना ते पाणी वाळूतून गाळत होतं, आणि साथीतून अल्टोना बव्हंशी सुटलं. दोन्ही शहरांच्या सीमेवरचा रस्ता एक, हवा एक, माणसं सारखी, आणि रोग मात्र नळ कुठला ते बघून वागत होता. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी हे सगळं तपासून मांडलं, आणि त्यानंतर 'वाळूने काय होणार' हा वाद फारसा कुणी घातला नाही.

म्हणजे डोळ्यावर विसंबायचं की नाही? मला वाटतं डोळ्याची साक्ष एकाच बाजूने चालते. नितळ पाणी शुद्ध असेलच असं नाही, पण गढूळ पाणी शुद्ध करता येतच नाही, हे जवळपास खरं. कणांच्या आडोशाला जंतू लपतात आणि मातीतला सेंद्रिय भाग क्लोरीन खाऊन टाकतो. गढूळपणा एनटीयू या एककात मोजतात. चारच्या आसपास तो डोळ्याला जाणवायला लागतो. पण जंतू मारण्याआधी तो एकच्याही खाली हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे डोळा 'ठीक आहे' म्हणून मोकळा होतो त्याच्या पुढे खरं काम सुरू होतं. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात एका केंद्राच्या गाळण्यांमधून नेहमीपेक्षा गढूळ पाणी पुढे जाऊ लागलं आणि त्यातून क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी घरोघरी पोचला. सुमारे चार लाख माणसं आजारी पडली. क्लोरीन व्यवस्थित घातलेलं होतं. या परजीवीचं कवच इतकं टणक असतं की नेहमीच्या क्लोरीनला तो जुमानत नाही. त्याला अडवायचं ते वाळूतच, नाहीतर अतिनील किरणांनी. ते किरण त्याला मारत नाहीत, त्याच्या डीएनएची मोडतोड करतात, म्हणजे तो वाढू शकत नाही.

तरी क्लोरीनचा विभाग शेवटी बघितलाच. पिवळे सिलिंडर, भिंतीवर मुखवटे, दारात उभं राहूनच बोलायचं. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पाण्यात डॉक्टर जॉन लील यांनी रोजच्या रोज क्लोरीनयुक्त चुना घालायला सुरुवात केली ती कोर्टात खटला चालू असताना. पाणीपुरवठा करणाऱ्या कंपनीवर पाणी पुरेसं शुद्ध नसल्याचा दावा होता. लोकांना न सांगता पिण्याच्या पाण्यात 'रसायन' मिसळलं म्हणून तेव्हा बरीच ओरड झाली. कोर्टाने अखेर ते मान्य केलं आणि मग दहाएक वर्षांत गावोगाव ते पसरलं. ती ओरड करणाऱ्यांवर मी हसणार नाही. त्यांच्या जागी मीही ओरडले असते.

क्लोरीन पाण्यात पडलं की हायपोक्लोरस आम्ल बनतं. त्याच्यावर विद्युतभार नसतो, म्हणून ते जिवाणूच्या आवरणातून सहज आत घुसतं. पाणी अल्कधर्मी असेल तर त्याचा बराचसा भाग ऋणभारित होऊन बसतो आणि मग तेवढंच क्लोरीन कितीतरी कमी काम करतं. शिवाय वेळ द्यावा लागतो, निदान अर्धा तास. पण सगळ्यात गमतीचा त्याचा आलेख आहे. पाण्यात अमोनिया असेल आणि तुम्ही क्लोरीन वाढवत नेलंत, तर पाण्यातलं मोजलेलं क्लोरीन आधी वाढतं. मग आणखी घालाल तसं ते कमी होतं! जवळजवळ तळाला जातं आणि तिथून पुन्हा वर चढतं. सुरुवातीला क्लोरीन अमोनियाशी जुळून क्लोरामाइन बनत असतं. मधल्या उतारावर ते त्या क्लोरामाइनांनाच मोडत असतं. तळ ओलांडल्यावर जे उरतं ते मोकळं, कामाचं क्लोरीन. पोहण्याच्या तलावाचा तो उग्र वास, ज्याला आपण 'फार क्लोरीन टाकलंय' म्हणतो, तो बहुतेकदा या क्लोरामाइनांचा असतो. म्हणजे नाकही डोळ्याच्याच पंक्तीला.

आणि क्लोरीन निष्पाप नाही. पानांच्या कुजण्यातून आलेल्या सेंद्रिय पदार्थांशी त्याची गाठ पडली की क्लोरोफॉर्मसारखी संयुगं तयार होतात, हे १९७४ मध्ये नेदरलँड्समधल्या योहानेस रूक यांनी दाखवलं. त्यावर उपाय क्लोरीन बंद करणं हा नाही. तो सेंद्रिय भाग क्लोरीनच्या आधीच काढून टाकायचा. म्हणजे पुन्हा त्या सहा पात्रांपाशी यायचं.

नितळपणाने केलेली सगळ्यात क्रूर फसवणूक मात्र बांगलादेशातली. तलावांच्या, ओढ्यांच्या पाण्याने मुलं हगवणीने मरत, म्हणून १९७० च्या दशकापासून तिथे लाखो नलिकाकूप, म्हणजे ट्यूबवेल, खणले. जमिनीखालचं पाणी थंड, स्वच्छ, जंतूविरहित. त्यात अर्सेनिक होतं. रंग नाही, वास नाही, चव नाही. ते खडकमातीतून आपसूक उतरलेलं होतं, कुणी टाकलेलं नव्हतं. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण वाढतं. सुरक्षित मर्यादा म्हणून लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम धरतात. ते काढायची रीत ऐकली तेव्हा मला ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं. आधी ऑक्सिडीकरण करून त्याचं रूप बदलायचं, कारण मूळ रूपात ते भाररहित असतं आणि कशालाच धरत नाही. मग लोहाच्या हायड्रॉक्साइडला ते चिकटवायचं. मग ते पुंजके खाली बसवायचे किंवा गाळायचे.

सक्रिय कोळसा आणि उलट परासरणाचं, म्हणजे आरओचं, पटल यांच्याविषयी थोडक्यात आटोपते, कारण त्यांची जाहिरात आधीच भरपूर होते. कोळशाच्या एका ग्रॅममध्ये हजारेक चौरस मीटरपर्यंत पृष्ठभाग घडीघडीने दडलेला असतो आणि त्यावर कीटकनाशकं, वास, रंग बसतात. पटलाच्या एका बाजूने दाब देऊन क्षार मागे ठेवता येतात. लोएब आणि सौरीराजन या संशोधकांनी १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात ते पहिल्यांदा व्यवहारात येण्याजोगं केलं. पण कोळसा भरतो, आणि पटलामागे राहिलेलं खारं पाणी कुठेतरी सोडावंच लागतं. कोळशावर जे बसलं ते जगातून गेलेलं नसतं, त्याने फक्त जागा बदललेली असते. म्हणूनच 'शुद्धीकरण' हा शब्द मला थोडा फुशारकीचा वाटतो. तिथे चालते ती बरीचशी वेगळं काढण्याची खटपट, आणि वेगळं काढलेलं पुढे कुणाच्या तरी पदरात पडतंच.

गाळाच्या टाकीजवळ उभी असताना आकृती आठवली. माझ्या त्या आकृतीत बाहेर जाणारा बाण एकच होता, नळाकडे. इथे जमिनीखालून दुसरा एक जाड नळ निघत होता. त्यातून गाळ जात होता. तुरटीचा, मातीचा, शेवाळाचा, मेलेल्या जिवाणूंचा. तो वाळवतात, दाबतात, नेऊन टाकतात. निळा रंग द्यावा असं त्यात काही नव्हतं.

निघण्याआधी पुन्हा प्रयोगशाळेत गेले. बाईंनी नळाचं पाणी छोट्या नळीत घेतलं आणि त्यात एक गोळी टाकली. पाणी फिकट गुलाबी झालं. म्हणजे वाटेतल्या नळांसाठी थोडं क्लोरीन शिल्लक आहे. त्यांनी आकडा लिहिला, सकाळची सहा पात्रं घासून उपडी घातली आणि हात पुसत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. उद्भवावरून, म्हणजे नदीतून पाणी उचलतात तिथून, होता. वरच्या बाजूला पाऊस झाला होता, नदीला नवं पाणी आलं होतं.

"किती?" त्यांनी विचारलं. पलीकडून आकडा आला. त्यांनी पुसायला घेतलेला टॉवेल खांद्यावर टाकला आणि पात्रं पुन्हा सरळ करून ओट्यावर मांडायला घेतली.